कर्जबाजारी देश पाणबुड्या का घेतो?

साताऱ्यात पोवई नाक्याजवळच्या एका अभ्यासिकेत राज्यसेवेची तयारी करणाऱ्या मुलाने मला प्रश्न पाठवला आहे: "काका, ग्रीस बुडाला तो लष्करी खर्चाने आणि त्यातल्या भ्रष्टाचाराने, असं आमच्या नोट्समध्ये एका ओळीत आहे. लोकांची पेन्शन कापली, मग पाणबुड्या का नाही कापल्या? आणि आपल्याकडे असं होऊ शकतं का?"

मी संरक्षण लेखा विभागात एकतीस वर्षं काढली. गणवेश कधी घातला नाही, गणवेशवाल्यांची बिलं तपासली. आमच्या खात्याला फौजेत फारसं कोणी प्रेमाने बोलत नाही, कारण आमचं काम हरकत घेण्याचं. त्यामुळे उत्तर थोडं हरकतीच्या सुरात येईल, ते सांभाळून घे.

पहिली हरकत तुझ्या नोट्सवरच. ग्रीस एकट्या लष्करी खर्चाने बुडाला नाही. कर न भरण्याची सवय, वारेमाप सरकारी भरती, न झेपणारी पेन्शन, २००४ चं ऑलिंपिक आणि वर्षानुवर्षं लपवलेली तूट, असं सगळं मिळून २००९ च्या अखेरीस कर्ज ३०० अब्ज युरोंवर गेलं होतं. पण लष्कराचा वाटा लहान नव्हता. युरोपातले बाकीचे देश राष्ट्रीय उत्पन्नाच्या दीड-पावणेदोन टक्क्यांत संरक्षण भागवत होते, तेव्हा एक-सव्वा कोटी वस्तीचा हा देश तीन टक्क्यांच्या आसपास, कधी त्याहून वर खर्च करत होता. हा वरचा सव्वा टक्का वीस वर्षं धर. एका वर्षाच्या राष्ट्रीय उत्पन्नाचे पंचवीस टक्के झाले, आणि पैसा उसना असल्याने व्याज वेगळं.

आता पाणबुड्या. हे समजायला ग्रीसला जायची गरज नाही, कोरेगावला गेलं तरी चालेल. दोन एकरवाला माणूस पन्नास हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर का घेतो? बांधाला बांध लागून असलेल्या चुलतभावाने घेतला म्हणून. पैसे कुठून आणतो? शोरूमवालाच फायनान्सवाल्याला समोर बसवतो, सातबारा तोच मागवून घेतो, कर्जाचा फॉर्म तोच भरतो. पुढे हप्ते थकले की दावणीची म्हैस विकली जाते, पोरीचं कॉलेज सुटतं, आणि ट्रॅक्टर दारात उभाच असतो. तो विकायला काढला तर निम्मी किंमत येत नाही आणि भावकीत नाक कापलं जातं.

ग्रीसचा चुलतभाऊ तुर्कस्तान. १९७४ मध्ये सायप्रसवर तुर्की फौजा उतरल्या तेव्हापासूनची जखम, आणि जानेवारी १९९६ मध्ये इमिया नावाच्या दोन ओसाड खडकांवरून दोन्ही देश युद्धाच्या तोंडाशी आले. माणसांची वस्ती नसलेले खडक. तिथे ग्रीक नौदलाचं हेलिकॉप्टर कोसळून तीन अधिकारी गेले. त्यानंतर शस्त्रखरेदीचा मोठा कार्यक्रम निघाला, आणि त्या वातावरणात "परवडतं का?" असं विचारणारा देशद्रोही ठरतो. भीती खोटी नव्हती, हेही सांगितलं पाहिजे. पण विकणारा कोण होता बघ. २००५ ते २००९ या काळात जर्मनीच्या शस्त्रांची सर्वांत मोठी दोन गिऱ्हाइकं होती तुर्कस्तान आणि ग्रीस. लेपर्ड रणगाडे इकडेही आणि तिकडेही, पाणबुड्या इकडेही आणि तिकडेही. बांधाच्या दोन्ही अंगांना एकाच शोरूमचा ट्रॅक्टर.

ट्रॅक्टरची उपमा इथवरच चालते. शेतकऱ्याचा ट्रॅक्टर कसला असावा हे निदान तो स्वतः ठरवतो. शस्त्रखरेदीत ते कोण ठरवतं, इथे खरी गोष्ट सुरू होते, आणि इथे मला माझ्या टेबलावरची एक फाइल सांगावी लागेल.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. एका डेपोकडून जनरेटर संचांची मागणी आली. मागणीपत्रात तांत्रिक गरजांचा तक्ता होता आणि त्यात एक ओळ: वजन १८७ किलोपेक्षा जास्त नसावं. मी पेन्सिलीने त्या आकड्याभोवती गोल केला. १८७ कुठून आलं? १९० का नाही, २०० का नाही? चार माणसांनी उचलायचं म्हणून मर्यादा असेल तर ती गोल आकड्यात येते. मग कपाटातून कंपन्यांची माहितीपत्रकं काढली. बाकी तिघांचे संच दोनशेच्या वर, आणि एकाचा १८६. मी हरकत लिहिली. आठ दिवसांनी फाइल परत आली, त्यावर एकच ओळ: लष्करी कारवाईच्या दृष्टीने आवश्यक. विषय संपला. कारण लेखा विभाग दर विचारू शकतो, मंजुरी विचारू शकतो, पावती विचारू शकतो, पण लढाईला काय लागतं हे विचारू शकत नाही, आणि विचारू नयेही. बिल पास झालं, माझ्याच सहीने. संच चांगले होते, तक्रार नव्हती. फक्त पुढची बारा वर्षं त्यांचा प्रत्येक सुटा भाग त्या एकाच कंपनीकडून, ती सांगेल त्या दराने आला. यात कोणी पैसे घेतले का? मला माहीत नाही, आणि कागदावर तसं काहीच नव्हतं. मुद्दा तोच आहे.

लोक भ्रष्टाचार म्हटलं की टक्केवारी बघतात. शंभर कोटींच्या सौद्यात तीन कोटी खाल्ले, म्हणजे नुकसान तीन कोटींचं, असा हिशेब. लेखापालाचा हिशेब वेगळा आहे. ते तीन कोटी खाता यावेत म्हणून जो सत्त्याण्णव कोटींचा माल घेतला, तो लागणार होता का? गरजेचा तक्ता विकणाऱ्याच्या हातात गेला की चोरी बिलात दिसतच नाही. बिल अगदी स्वच्छ असतं.

ग्रीसमध्ये हे न्यायालयासमोर उघडं झालं. अँतोनिस कांतास नावाचा अधिकारी संरक्षण मंत्रालयाच्या शस्त्रखरेदी विभागात उपप्रमुख होता. डिसेंबर २०१३ मध्ये त्याला पकडलं आणि तो बोलू लागला. इतक्यांकडून इतक्या वेळा पैसे घेतले की सगळे आठवत नाहीत, असं त्याने सांगितलं. त्याच्या जबाबातला एक प्रसंग मी विसरू शकत नाही. रणगाड्यांच्या खरेदीला त्याचा विरोध होता, इतके महाग रणगाडे नकोत असं त्याचं मत होतं. एक मध्यस्थ त्याच्या कार्यालयात आला आणि जाताना सोफ्यावर एक पिशवी ठेवून गेला. पिशवीत सहा लाख युरो. विरोध संपला. म्हणजे आधी हरकत होती, खरी हरकत होती, आणि ती हरकतच विकत घेतली गेली. माझ्यासारख्याला हा प्रसंग रणगाड्याच्या किमतीपेक्षा जास्त अस्वस्थ करतो.

त्याच्या वर होते मंत्री. आकिस त्सोखाझोपुलोस, १९९६ ते २००१ संरक्षणमंत्री, तेव्हाच्या सत्ताधारी समाजवादी पक्षाचे संस्थापक सदस्य, एकदा पंतप्रधानपद थोडक्यात हुकलेले. अथेन्समध्ये अक्रोपोलिसच्या पायथ्याच्या सगळ्यात महागड्या रस्त्यावर त्यांचं घर निघालं आणि लोकांनी विचारायला सुरुवात केली. ऑक्टोबर २०१३ मध्ये २० वर्षांची शिक्षा झाली. पण कशाबद्दल? लाच घेण्याबद्दल नव्हे. ग्रीसमध्ये मंत्र्यांवरच्या गुन्ह्यांना लवकर कालबाह्य करणारी तरतूद होती, त्यामुळे लाच कायद्याच्या हाताबाहेर गेली होती. शिक्षा झाली ती लाचेचा पैसा परदेशी कंपन्यांतून फिरवून पांढरा केल्याबद्दल. स्पर्धा परीक्षेत हा फरक लिहिलास तर तपासणारा मान वर करून बघेल.

देणाऱ्यांचं काय? पाणबुड्यांच्या सौद्यातली जर्मन कंपनी फेरोस्टाल. डिसेंबर २०११ मध्ये म्युनिकच्या न्यायालयाने तिला सुमारे १४ कोटी युरोंचा दणका दिला. तिच्या दोन माजी अधिकाऱ्यांना ग्रीस आणि पोर्तुगालमध्ये मिळून सुमारे ६ कोटी २० लाख युरो वाटल्याबद्दल शिक्षा झाली, तीही स्थगित. दोघे घरी गेले. आणि एक गोष्ट वाचून मी पहिल्यांदा खुर्चीत सरळ बसलो होतो: १९९९ पर्यंत जर्मन कंपनीने परदेशी अधिकाऱ्याला दिलेली लाच ही धंद्याचा खर्च म्हणून करातून वजा करता येत होती. म्हणजे लाचेचा काही हिस्सा जर्मन करदाता भरत होता. पुढे २०१० मध्ये काटकसरीचं व्याख्यान द्यायला सगळ्यात पुढे कोण होतं, ते तुला माहीत आहे.

पाणबुडीचं नाव पापानिकोलिस. २००० साली करार, जर्मनीतल्या कील बंदरात बांधणी. चाचण्यांत ती पृष्ठभागावर नको तितकी कलते म्हणून ग्रीक नौदलाने २००६ मध्ये ताब्यात घ्यायला नकार दिला. वाद चार वर्षं चालला. पैशाचा मोठा हिस्सा तोवर जाऊन बसला होता. अखेर ती स्वीकारली गेली २०१० मध्ये. त्याच वर्षी मे महिन्यात ग्रीसने ११० अब्ज युरोंचं पहिलं मदतकर्ज घेतलं होतं. तुझ्या "का नाही कापल्या" या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे. कापायला त्या अजून घ्यायच्या कुठे होत्या? पैसे गेलेले, करारावर सह्या झालेल्या, मोडला तर दंड आणि खटला. आमच्या भाषेत याला बांधील देणी म्हणतात. काटकसरीची कात्री बांधील देण्यांना लागत नाही, ती सही न झालेल्या गोष्टींना लागते. पगार, पेन्शन, दुरुस्ती, इंधन, दारूगोळा, दवाखान्यातली औषधं. निवृत्त शिक्षिकेच्या पेन्शनवर कोणत्या परदेशी बँकेची हमी नसते.

म्हणून "लष्कराला हात लावला नाही" हेही पूर्ण खरं नाही. २००९ ते २०१४ या काळात ग्रीसचा संरक्षण खर्च युरोंत मोजला तर जवळजवळ निम्म्यावर आला. तरी टक्केवारीत तो दोनच्या वरच राहिला, कारण खाली भागायचं राष्ट्रीय उत्पन्नच चौथाईने आटलं होतं. टक्केवारी वाचताना छेदाकडे बघायचं, हे परीक्षेसाठी नाही, जन्मभरासाठी लक्षात ठेव. उरलेल्या पैशातला सुमारे तीन चतुर्थांश माणसांवर जात होता, म्हणून मग माणसांचे पगार कापले. सैनिक आणि पोलीस न्यायालयात गेले, आणि २०१४ मध्ये तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने ती पगारकपात घटनाबाह्य ठरवली. थोडक्यात, करार शाबूत, यंत्रं उभी, चालवणाऱ्याच्या खिशात हात.

आता माझा आवडता भाग, म्हणजे हिशेबाची चलाखी. हा कंटाळवाणा वाटेल, पण देश इथे बुडतो. समजा मी २००० साली विमान मागवलं, आगाऊ पैसे दिले, विमान २००४ मध्ये येणार. खर्च कोणत्या वर्षात लिहायचा? पैसे दिले तेव्हा म्हणावं, तर माल आला नाही. माल आला तेव्हा म्हणावं, तर तो भाग गोपनीय, किती आला हे आकडेखात्याला सांगायचं नाही. अशा सांदीत खर्च अडकवून ठेवता येतो. २००४ मध्ये ग्रीसमध्ये सरकार बदललं, युरोपच्या सांख्यिकी कार्यालयासोबत जुन्या वह्या उघडल्या गेल्या आणि लष्करी खरेदीचे कमी दाखवलेले आकडे हे त्यात ठळकपणे निघाले. सुधारित हिशेबात १९९७ ते २००३ यांतल्या एकाही वर्षी तूट ३ टक्क्यांच्या आत नव्हती. ३ टक्के ही युरो चलनात प्रवेशाची अट होती, आणि ग्रीस २००१ मध्ये आत बसला होता. २००६ मध्ये युरोपने नियमच केला की लष्करी सामानाचा खर्च माल हाती आल्यावर लिहायचा. आमच्याकडे ३१ मार्चच्या रात्री पावतीची तारीख इकडची तिकडे करण्यावरून जे हातघाईचे प्रसंग मी पाहिलेत, त्यांची ही आंतरराष्ट्रीय आवृत्ती. लपवण्यासाठी गोपनीयतेइतकं सोयीचं कपाट दुसरं नाही, आणि त्या कपाटाची किल्ली नेहमी देशभक्तीच्या खिळ्याला अडकवलेली असते.

ग्रीस एकटा नाही, हे पटकन सांगतो. पोर्तुगालने २००४ मध्ये दोन पाणबुड्या मागवल्या आणि २०११ मध्ये ७८ अब्ज युरोंची मदत मागितली. श्रीलंकेत युद्ध २००९ ला संपलं तरी फौज दोन लाखांच्या घरात राहिली. एप्रिल २०२२ मध्ये देशाने कर्जफेड थांबवली, आणि जानेवारी २०२३ मध्ये मग जाहीर झालं की २०३० पर्यंत सैन्य एक लाखावर आणू. मिग-२७ विमानांच्या सौद्यावर लिहिणारे संपादक लसंता विक्रमतुंगे यांची जानेवारी २००९ मध्ये भररस्त्यात हत्या झाली. हरकत घेणाऱ्याचं मोल काय असतं, ते तिथे तसं दिसलं.

आता आपल्याकडे. कीलचीच ती गोदी. भारताने १९८१ मध्ये तिच्याशीच चार पाणबुड्यांचा करार केला होता, दोन तिकडे बांधायच्या, दोन मुंबईत माझगाव गोदीत. १९८७ मध्ये बॉनहून, म्हणजे पश्चिम जर्मनीच्या तेव्हाच्या राजधानीतून, आपल्या राजदूताची तार आली की सौद्यात सात टक्के कमिशन आहे. संरक्षणमंत्री विश्वनाथ प्रताप सिंहांनी चौकशी लावली आणि काही दिवसांतच त्यांना पद सोडावं लागलं. त्याच महिन्यात स्वीडिश रेडिओवरून बोफोर्स तोफांच्या सौद्यातलं लाच प्रकरण फुटलं. पुढे काय झालं ते जास्त शिकण्यासारखं आहे. पैसे कोणी खाल्ले हे न्यायालयात कधी ठरलं नाही. पण पुढच्या पाणबुड्या थांबल्या, माझगावातले शिकून तयार झालेले वेल्डर पांगले. माझगावात बांधलेली शंकुल १९९४ मध्ये नौदलात आली, त्यानंतरची माझगावची पाणबुडी कलवरी आली डिसेंबर २०१७ मध्ये. तेवीस वर्षं. बोफोर्सनंतर तोफांचंही तेच, तीस वर्षं नवी मोठी तोफ नाही, आणि १९९९ ला कारगिलमध्ये त्या बदनाम तोफांनीच लाज राखली. खाणाऱ्याने खाल्लं, आणि त्याच्या धसक्याने पुढच्या प्रत्येकाने सही करायचं टाळलं. मी स्वतः असे साहेब पाहिलेत, जे निवृत्तीला दोन वर्षं उरली की फाइलवर फक्त "चर्चा करावी" लिहायचे. त्या भीतीची किंमत कुठल्याही चौकशी अहवालात येत नाही.

ग्रीससारखं आपलं होईल का? आपलं कर्ज बहुतांशी रुपयांत आणि देशातल्याच लोकांचं आहे, खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या दोन टक्क्यांच्या आसपास. त्यामुळे तसं बुडणं नाही. पण बांधील देण्यांचा फास आपल्यालाही माहीत आहे. मार्च २०१८ मध्ये लष्कराच्या उपप्रमुखांनी संसदीय स्थायी समितीसमोर सांगितलं की आधुनिकीकरणाला मिळाले २१,३३८ कोटी, आणि आधीच सही झालेल्या करारांचे हप्तेच २९,०३३ कोटींचे. नव्याला पैसा कुठून येणार? त्याआधी २०१५ मध्ये महालेखापरीक्षकांनी लिहिलं होतं की दारूगोळ्याच्या निम्म्या प्रकारांचा साठा दहा दिवसांनाही पुरणार नाही. कात्री कुठे लागते हे वर सांगितलंच.

२०२५-२६ चा संरक्षण अर्थसंकल्प ६ लाख ८१ हजार कोटींचा होता आणि त्यातले सुमारे १ लाख ६१ हजार कोटी पेन्शनचे. हा आकडा इथे साताऱ्यात आकडा नसतो. दर नोव्हेंबरला माझ्या ओट्यावर रांग लागते, 'स्पर्श' या संरक्षण पेन्शनच्या सरकारी पोर्टलवर हयातीचा दाखला भरून द्यायला. बोटांचे ठसे झिजलेले, यंत्र घेत नाही, मग डोळ्यांवर प्रयत्न. मागच्या वर्षी अपशिंग्याकडचे एक सुभेदार आले होते, त्या गावात पहिल्या महायुद्धाचं स्मारक आहे आणि घराघरात फौजी. नातू अग्निवीर झालाय. त्यांनी विचारलं, "साहेब, पोराला पेन्शन न्हाई म्हंत्यात, खरं का?" चार वर्षं, त्यातले पंचवीस टक्के कायम, बाकीच्यांना एकरकमी निधी आणि घरी, असं मी सांगितलं. सरकारने या अग्निपथ योजनेचं कारण तरुण फौज असं दिलं आहे आणि त्यात तथ्य आहे. पण माझ्यासारखा माणूस पेन्शनच्या रकान्याकडे बघितल्याशिवाय राहत नाही. माझं मत विचारशील तर पेन्शनचं ओझं खरं आहे, सुधारणा हवीच होती. फक्त करारांच्या फायलीला असाच हिशेब लावल्याचं मी एकतीस वर्षांत फार कमी वेळा पाहिलं.

तुला अभ्यासाला काही हवं असेल तर नोट्स ठेव बाजूला आणि अर्थसंकल्पातल्या संरक्षणाच्या भांडवली खर्चाचा तक्ता छापून घे. शेजारी स्थायी समितीचा अहवाल ठेव, त्यात सैन्यदलांनी मागितलेली रक्कम आणि मिळालेली रक्कम समोरासमोर असते. बांधील देणी किती, नव्या खरेदीला किती, यांवर पेन्सिलीने गोल कर. रविवारी चारनंतर मी घरी असतो. पेन्सिल आण, पेन नको.